नाल्याकाठच्या वावरात काय टाकायचं: चुना, शेणखत का पऱ्हाट्यांचा कोळसा?

शहराच्या खालच्या अंगाला नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी काढणारे बरेच जण आजकाल विचारतात, की शिसं, कॅडमियम भाजीत उतरू नये म्हणून मातीत नेमकं काय टाकावं. मोबाईलवर शोधलं की पहिलं उत्तर चुना. मी सरळ सांगतो, मराठवाड्याच्या काळ्या रानात चुन्यावर पैसे घालू नका.

काहून ते बघा. चुन्यानं पीएच वाढतो, म्हणजे मातीचा आंबटपणा कमी होतो, मग हे धातू पाण्यात कमी विरघळतात आणि मुळांच्या हाती कमी लागतात. कोकणातल्या आंबट मातीत हे चालतं, पण आपली माती बहुतेक ठिकाणी आधीच साडेसात-आठच्या पुढं आणि वर चुनखडी. ढेकळावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब जपून टाका, फसफसून फेस आला म्हणजे चुना भरपूर आहे. वरून अजून ओतला तर लोह आणि जस्त अडकतं, कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जिप्समवरही पैसे नकोत, ते चोपण (सोडियम जास्त झालेल्या) जमिनीसाठी, त्यानं पीएच वाढत नाही.

शेणखत माझ्या मते पहिलं. कुजलेलं खत धातूला धरून ठेवतं, एकरी आठ-दहा टन टाकायचं, पण आपल्या उन्हात ते लवकर जळून जातं त्यामुळं दरवर्षी टाकावंच लागतं. शहरी कंपोस्ट स्वस्त मिळतं म्हणून ट्रॉली भरून आणू नका, आधी रिपोर्ट मागा. खत नियंत्रण आदेशात त्याला मर्यादा आहे, किलोमागं कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅम.

पऱ्हाट्या-तुराट्यांचा, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांचा कोळसा म्हणजे बायोचार, हाही धातूला धरून ठेवतो, पण कुजत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. खड्ड्यात थराथरानं पेटवायचं, वर पांढरी राख दिसायला लागली की लगेच पाणी मारायचं, नाहीतर हाती नुसती राख येते. मेहनत भरपूर, आणि वाळल्या काड्यांच्या चौथाई-तिहाई एवढाच कोळसा निघतो. तो शेण-गोमूत्रात भिजवून शेणखताबरोबर टाकावा, कोरडा टाकला तर सुरुवातीला मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढतो.

स्फुरद (फॉस्फरस) शिशाला चांगलं बांधतं, पण आर्सेनिक असेल तर उलट मोकळं करतं, शिवाय स्फुरदाच्या खतातच थोडंफार कॅडमियम येतं. म्हणून धातू कोणता ते कळल्याशिवाय नको. मृदा आरोग्य पत्रिकेत शिसं-कॅडमियम नसतंच, ते वेगळं तपासून घ्यावं लागतं. जस्त मात्र कमी असेल तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्या, जस्त पुरेसं असलं की मुळं कॅडमियम कमी ओढतात.

यातलं काहीच धातू बाहेर काढत नाही, नुसतं बांधून ठेवतं, आणि नाल्याचं पाणी चालूच असेल तर रोज नवा भर पडतो. तेव्हा आधी पाणी बदला. ते होईस्तोवर पालेभाजीऐवजी भेंडी, दोडका, टमाटे लावा, फळात पानापेक्षा कमी उतरतं. आणि सगळ्या वावराला खर्च करण्याआधी दोन वाफे करा, एकात शेणखत-कोळसा, दुसरा तसाच, दोन्हीतला पालक एकाच दिवशी कापून, धुऊन तपासायला द्या. पालेभाजीला कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागं 0.2 मिलिग्रॅम आहे, त्या आकड्याशी दोन्ही रिपोर्ट लावून बघा.