दिवाडी : समुद्र नसलेलं बेट, दोन रात्री, दोघींचे ७,९७० रुपये

डोंबिवलीहून निघताना नणंदेला मी एवढंच सांगितलं होतं, की जानेवारीत स्वस्तात दोन दिवस बेटावर जाऊ. तिने टोपी, गॉगल आणि वाळूवर अंथरायला एक जुनी चादर भरली. दिवाडीला वाळू नाही हे मला ठाऊक होतं. पण ठाण्याहून कोकणकन्या सुटेपर्यंत मी गप्प बसले. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

गोव्यात असूनही दिवाडी परवडते ती वाळू नाही याच कारणाने. हे मांडवी नदीतलं बेट आहे, भोवती खारफुटी आणि चिखल. करमळी स्टेशनवरून रिक्षा करून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जायचं. धक्क्याच्या तोंडाशी १५९७ सालची व्हाइसरॉयची कमान आहे. नवा पोर्तुगीज व्हाइसरॉय वाजतगाजत याच कमानीतून शहरात शिरायचा. आम्ही बॅगा ओढत उलट्या दिशेने बाहेर पडलो. फेरीबोटीला पायी माणसाला तिकीट नाही. नणंदेने तरी दोनदा पर्स उघडली. साखळ्या खडखडल्या, लोखंडी फळी उचलली गेली आणि स्कूटरवाले, मासळीची पाटी घेतलेली बाई, शाळेची मुलं, सगळे पाचेक मिनिटांत पलीकडे.

आता खोलीबद्दल. घराचं नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या. जाहिरातीत खिडकीतून नदी दिसत होती. आमच्या खिडकीतून फणस आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "न्हंय गच्चेवयल्यान दिसता गो." म्हणजे नदी गच्चीवरून दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडा. "आयज उदक ना, बाय," असं म्हणून त्यांनी चुलीवर तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या स्वतः आणून दिल्या. रात्रीचे १,६०० घेता तर टाकी भरलेली हवी, हे माझं म्हणणं कायम आहे. पण पहाटेच्या थंडीत त्या पाण्याला जो धुराचा वास होता, तो गीझरच्या पाण्याला नसतो, हेही खरं. खोलीला पाचपैकी दोन.

त्यांच्या हातच्या जेवणाला मात्र साडेचार. सुंगटांचं हुमण म्हणजे कोळंबीची आमटी, उकड्या तांदळाचा भात, तळलेला मासा, सोलकढी. अर्धा गुण कापला, कारण रविवारी रात्री त्या लग्नाला गेल्या आणि आम्हाला सांगायचं विसरल्या. बेटावरच्या पिएदाद गावात फिरून पाहिलं, उघडं एक बार होतं, त्यात खायला फक्त उकडलेली अंडी. आम्ही घरचा चिवडा खाऊन झोपलो. तुम्ही जाल तेव्हा कोरडं खाणं जवळ ठेवाच.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला की बाकीचं सगळं विसरायला होतं. पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, हातात घेतली की कोंडा बोटांना लागतो, आत पोकळ आणि गरम. तीत आम्ही घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी भरली. गोवेकर वाचक रागावतील, रागावू देत.

मालकीणबाईंच्या भाच्याने स्कूटर दिली, दिवसाला ४००. चर्चच्या टेकडीवर दहा मिनिटं थांबलो, नदी आणि पलीकडचं जुनं गोवं छान दिसतं. खरा वेळ गेला तो खाजनात. नदीच्या कडेने मातीचे बांध, आत खोलगट शेतं, सकाळी त्यांच्यावर गुडघाभर धुकं. बांधाच्या एका तोंडाला मानस असते, म्हणजे लाकडी दारांचं गेट. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दारं आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा ती उघडतात. मोटर नाही, वीज नाही. आम्ही पोचलो तेव्हा दार नुकतंच किलकिलं होत होतं. एक काका मुखावर जाळं लावून बसलेले. नणंद म्हणाली, "वहिनी, हे आपल्या सोसायटीच्या पंपापेक्षा बरं चालतंय." सोसायटीची सेक्रेटरी मीच आहे.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे आहे. कदंब राजांचा देव सप्तकोटेश्वर मुळात इथला. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला गेलं, तो भाग तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. तिथल्या गावाचं नावही नार्वेच. स्कूटर अलीकडे लावून आम्ही फेरीने गेलो, पुढे चालत. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. आत पैलू पाडल्यासारखं धारालिंग. नणंद दारातल्या अक्षरांवर मान वर करून इतका वेळ उभी राहिली, की पुजाऱ्यांनी विचारलं, मान धरली का?

हिशेब : रेल्वे स्लीपर जाऊन-येऊन १,७२०, खोली ३,२००, स्कूटर ८००, खाणं १,९००, रिक्षा ३५०. डासांची अगरबत्ती चाळीस रुपयांची, ती नणंदेने घेतली, धरलेली नाही. संध्याकाळी साडेसहानंतर ती लावल्याशिवाय व्हरांड्यात बसता येत नाही. लहान मुलं घेऊन जाणार असाल तर ती कंटाळतील. खोली ठरवताना फोटो बघू नका, धक्का किती लांब आहे आणि टाकी किती लिटरची आहे ते विचारा.

सोमवारी परतीची गाडी लेट होती. करमळी स्टेशनाला लागूनच तळं आहे, हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी भरलेलं. नणंदेने अखेर ती चादर काढली, बाकावर अंथरली आणि शिट्टी घालणारी बदकं मोजत बसली. बासष्टाव्या बदकाला गाडीची घोषणा झाली. पिशवीत एक पोई उरली होती. डोंबिवलीला पोचेपर्यंत ती दगड झाली, चहात बुडवून दोघींनी अर्धी-अर्धी संपवली.