ओडोमीटर बंद: आतला गिअर बदलायचा की अख्खा मीटर?

काटा वेग व्यवस्थित दाखवतोय, पण किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. १९८२ ते १९९१ या काळात बनलेल्या पोर्श ९४४ मध्ये हे दुखणं इतकं नेहमीचं आहे की मीटर उघडायच्या आधीच निदान होतं: आतला नखाएवढा प्लास्टिकचा गिअर गेला. त्याच पिढीच्या बीएमडब्ल्यू ई-३० ची गतही तीच. काटाही पडून असेल तर मात्र मीटरला हात लावू नका. आधी सेन्सर (९४४ मध्ये तो मागच्या गिअरबॉक्सवर असतो) आणि त्याची वायर तपासा.

यावर उपाय दोन. आहे तोच मीटर उघडून गिअर बदलायचा, नाहीतर कुठूनतरी जुना पण चालू मीटर मिळवून बसवायचा. 'मोबाइलवर जीपीएस लावा की' असंही कोणी सुचवतं. पण मोबाइल घरी राहिला की त्या दिवसाचं रनिंग हिशेबातून गेलं. ९४४ चा टायमिंग बेल्ट, म्हणजे ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचा इंजिनातला पट्टा, तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात, त्यामुळे त्या बेल्टचे किलोमीटर अंदाजपंचे धरणं महागात पडू शकतं.

दुसऱ्या मीटरची बाजू लंगडी नाही. थोडे स्क्रू, मागचे सॉकेट, की झालं. जवळचं बारीक दिसत नसेल किंवा हात स्थिर राहत नसेल, तर हाच मार्ग बरा असंही म्हणता येईल. फक्त घेताना दोन गोष्टी बघा. १९८५ च्या मध्यावर ९४४ चा डॅशबोर्ड बदलला, त्यामुळे त्याआधीचा मीटर त्यानंतरच्या गाडीत बसत नाही. आणि अमेरिकेतून आलेला मीटर मैल मोजतो. तो १०० म्हणाला तर गाडी १६१ किलोमीटर धावलेली असते.

खरी कटकट वेगळीच आहे, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. आणलेल्या मीटरवर आकडा परक्या गाडीचा असतो. तो तसाच ठेवला तर ऑइल बदलायचं म्हटलं तरी जुना आकडा अधिक नवा, वजा बसवतानाचा, अशी बेरीज-वजाबाकी आयुष्यभर मागे लागते. शिवाय पुढे गाडी विकताना घेणारा संशयाने बघणार, आणि त्याचं चुकतं असंही नाही. मग आपला खरा आकडा त्यावर आणायचा म्हटलं, तर मीटर उघडून आकड्यांची चकती-चकती फिरवावी लागते. म्हणजे जे टाळायला दुसरा मीटर आणला, तेच काम पुढ्यात येतं. एवढं उघडलंच आहे तर बिघडलेला गिअर तिथून बोटभर अंतरावर असतो! वर त्या मीटरमधला गिअरही त्याच काळातला, त्याच प्लास्टिकचा. आज चालतोय, पण एखादा सोलापुरी मे महिना त्याने काढला तरी पुष्कळ.

गिअर मरतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. प्लास्टिक वयाने आणि उष्णतेने ठिसूळ होतं, कधी चिकट होतं. चिमट्याने धरलं की भिजलेल्या बिस्किटासारखे तुकडे हातात येतात. उरलेले दात गाडी चालू असताना ट्रिपचं, म्हणजे एका प्रवासापुरते किलोमीटर मोजणारा छोटा आकडा शून्य करायचं, बटण दाबल्याने जातात. ओडोमीटरची छोटी मोटर फिरत असते, चकत्या अडकतात आणि मधला अशक्त गिअर सोलवटतो. नवा बसवल्यावर ट्रिप शून्यावर आणायची ती गाडी उभी करूनच.

काम असं करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आत्ताच्या आकड्याचा फोटो घ्या, मग मीटर बाहेर काढा. टेबलावर पांढरा गुळगुळीत कागद किंवा कडा असलेला ट्रे घ्या. आपल्याकडे टॉवेल घरोघरी, म्हणून हात आपसूक त्याकडे जातो, पण मोह टाळा. त्याच्या फासांत बारीक स्क्रू गडप होतो आणि सूत गिअरमध्ये जातं. काटा शक्यतो उपटूच नका. त्याचा दांडा वाकला किंवा काटा जरा फिरून बसला, तर वेग कायमचा चुकीचा दाखवतो. ओडोमीटरची छोटी मोटर बाजूने सोडवली की गिअर दिसतात. तुटलेल्याचे सगळे तुकडे वेचा, त्यावरून दात मोजा आणि तेवढ्याच दातांचा गिअर मागवा. एका दाताचा फरकही चालत नाही: २० च्या जागी २१ दात आले की हिशेब दर १०० किलोमीटरला जवळपास पाचने हुकतो.

एमआयडीसीत पितळेचा गिअर कातून मिळेलही, पण पितळ शेजारच्या प्लास्टिक गिअरला खातं. दुखणं एक घर पुढे सरकतं, इतकंच. ॲसिटल प्लास्टिकचा गिअर घ्या. फेविक्विकने दात चिकटवायचा विचार तर सोडूनच द्या. त्याच्या वाफेने काचेच्या आतून आणि डायलवर पांढरी झाक बसते, ती सहजी जात नाही. दातांना ग्रीस नको, तेल नको. आपल्या धुळीत त्याचा लगदा होतो. धातूच्या दांड्याच्या टोकाला घड्याळजीकडचं तेल सुईच्या अग्राएवढं पुरे. हात धजत नसेल तर मीटर घेऊन त्याच्याकडेच बसा. भिंग आणि चिमटा त्याच्याकडे असतो, मोटर-मेकॅनिककडे बहुधा नसतो.

मर्सिडीजच्या जुन्या एसएलचं प्रकरण जरा निराळं: तिथे गिअर तुटण्याऐवजी दांड्यावर सैल होऊन नुसता गरगर फिरतो. दांडा तिथे किंचित खरबरीत करून गिअर पुन्हा दाबून बसवतात, नवा भाग लागतोच असं नाही.

काच बंद करायच्या आधी गिअर बोटाने फिरवून शेवटची चकती ९ वरून ० वर येताना शेजारची एक घर पुढे ढकलते का, ते बघा. तिथे अडखळलं तर चकत्या एका रेषेत नाहीत. मग गाडी पुण्याच्या रस्त्याला काढा आणि किलोमीटरच्या दगडांशी १० किलोमीटर ताडून बघा. दोनशे मीटरचा फरक टायरच्या झिजेत जातो. अर्धा किलोमीटर निघाला तर दात पुन्हा मोजा.