चार्जरवरचा आर-नंबर आणि 'बीआयएस केअर' ॲप: काय कळतं, काय कळत नाही

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, स्वस्तातला चार्जर हातात घेतला की त्याच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही छापलेलं दिसतं. इनपुट, आउटपुट, घराचं चित्र (म्हणजे फक्त घरात वापरा), एकात एक दोन चौकोन (म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंग लागत नाही), फुली मारलेली कचराकुंडी (म्हणजे घरच्या कचऱ्यात टाकू नका), युरोपचं सीई, अमेरिकेचं एफसीसी. भारतातल्या गिऱ्हाइकाने सगळ्यात आधी शोधायची ती ओळ मात्र वेगळीच: 'आयएस १३२५२ (भाग १)' असा मानकाचा क्रमांक आणि त्यासोबत 'आर-' लावून आठ आकडे, म्हणजेच नोंदणीचा आर-नंबर. हे आकडे दुकानात उभ्या उभ्या तपासायची सोय भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' या फुकट ॲपमध्ये आहे. ॲप जुलै २०२० मध्ये आलं.

ॲप फोनमध्ये असायलाच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण त्याचं उत्तर वाचता आलं पाहिजे. नाहीतर खरा माल बोगस वाटतो आणि बोगस माल बिनदिक्कत पास होतो.

पहिली चूक नंबर टाकतानाच होते. ॲपमध्ये तीन नंबरांसाठी तीन वेगळ्या जागा आहेत. वायर, प्लग, गीझर यांच्यावरच्या आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल नंबर असतो, तो एका ठिकाणी. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, दुसऱ्या ठिकाणी. चार्जर, पॉवर बँक, मोबाइल, टीव्ही, एलईडी दिवा, ब्लूटूथ स्पीकर यांचा आर-नंबर तिसऱ्या ठिकाणी, 'व्हेरिफाय आर-नंबर अंडर सीआरएस' या पर्यायात (सीआरएस म्हणजे सक्तीची नोंदणी योजना). आर-नंबर सीएम/एलच्या खिडकीत टाकला तर काहीच सापडत नाही आणि लोक 'डुप्लिकेट आहे' म्हणून मोकळे होतात. दुसरं असं, की करड्या प्लास्टिकवर करड्याच शाईत छापलेले ३ आणि ८ किंवा ० आणि ६ डोळ्यांना सारखेच दिसतात. चार्जर तिरपा धरून, बाजूने उजेड पाडून फोटो काढा, तो मोठा करून आकडे वाचा आणि मगच टाइप करा. मोबाइल किंवा स्मार्ट वॉचसारख्या पडदा असलेल्या वस्तूंत हा नंबर बऱ्याचदा सेटिंगमध्ये, 'रेग्युलेटरी' किंवा 'सर्टिफिकेशन' नावाच्या पानावर असतो.

उत्तरात उत्पादकाचं नाव, पत्ता, देश, वस्तूचा प्रकार, आयएस क्रमांक, ब्रँड, मॉडेल आणि नोंदणीची सद्यस्थिती कळते. इथे सगळ्यात मोठा घोळ होतो. खोक्यावर ओळखीचा भारतीय ब्रँड आणि ॲपमध्ये मात्र चीनमधल्या शेन्झेनची कधी न ऐकलेली कंपनी! हा माल खोटा असेलच असं नाही. उलट बहुतेक वेळा असंच असायला हवं, कारण आर-नंबर ब्रँडला मिळत नाही, दुकानदाराला नाही आणि आयातदारालाही नाही. तो कारखान्याला मिळतो, तेही एका पत्त्याच्या कारखान्याला, एका प्रकारच्या वस्तूसाठी आणि एका ब्रँडसाठी. एकाच ब्रँडचा चार्जर तीन कारखान्यांत बनत असेल तर बाजारात तीन वेगळे आर-नंबर दिसतील आणि तिन्ही खरे असतील.

याचं कारण या योजनेच्या रचनेत आहे. सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ चा. तो ३ जुलै २०१३ पासून लागू झाला तेव्हा यादीत १५ प्रकारच्या वस्तू होत्या. ॲडाप्टर, पॉवर बँक आणि मोबाइल नंतरच्या टप्प्यात आले. कारखान्याने नमुना भारतातल्या, ब्युरोची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, अहवाल ९० दिवसांपेक्षा जुना होण्याआधी अर्ज करायचा. परदेशी कारखान्याचं भारतात कार्यालय नसेल तर इथला अधिकृत प्रतिनिधी नेमायचा. परदेशी लॅबचा अहवाल, सीई किंवा एफसीसी यांवर ही नोंदणी मिळत नाही. त्यामुळे 'सीई आहे ना साहेब, मग काळजी कशाला' हे काउंटरवरचं वाक्य सोडून द्या. असल्या चार्जरच्या बाबतीत सीई म्हणजे युरोपातल्या नियमांसाठी उत्पादकाने स्वतःच दिलेली हमी.

नकली माल बनवणाराही ॲप वापरतो, हे लक्षात ठेवा. तो नंबर मनाने बनवत नाही, चालू असलेल्या खऱ्या नोंदणीचा उचलून छापतो. म्हणून ॲपने 'नोंदणी चालू' दाखवलं की तपासणी संपत नाही, तिथून ती सुरू होते. ब्रँड जुळतो का? वस्तूचा प्रकार जुळतो का, की चार्जरवर एलईडी दिव्याचा नंबर छापलाय? एलईडी दिव्याचं मानक आयएस १६१०२ आहे, चार्जरवर ते दिसलं तर खेळ तिथेच उघडा पडतो. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का? आणि खोक्यावर 'मेड इन चायना' असताना ॲप नोएडाचा कारखाना दाखवतंय का? या चारांपैकी एक जरी जुळलं नाही तरी माल परत ठेवा. आमच्या अनुभवाने मॉडेल नंबर तपासायचाच राहून जातो, आणि नकल करणाऱ्याची चूकही नेमकी तिथेच असते.

नोंदणीची मुदत संपलेली दिसली तर मात्र घाई नको. सुरुवातीची नोंदणी दोन वर्षांची असते, मग नूतनीकरण. चार्जर नोंदणी चालू असताना बनला असेल आणि दुकानात पडून राहिला असेल, तर तो बेकायदा ठरत नाही. खोक्यावरच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. आयात मालावर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्कही छापलेला लागतो. आयातदाराचा पत्ताच नसेल तर आर-नंबरापर्यंत जायची गरजच नाही. चपट्या अमेरिकी पिनांचा चार्जर पिन बदलणाऱ्या ॲडाप्टरसकट सुटा विकायला ठेवला असेल, तिथेही शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

एवढी खटपट कशासाठी, हे चार्जर उघडून बघितल्यावर कळतं. (विकत घेतलेला चार्जर घरी उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा दणका देऊ शकतो.) चांगल्या चार्जरच्या सर्किट बोर्डावर मधोमध एक रिकामा पट्टा असतो, बऱ्याचदा तिथे बोर्ड आरपार कापलेला असतो. पट्ट्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातला फोन. मानकाप्रमाणे या दोन बाजूंमधलं पृष्ठभागावरचं अंतर साधारण ५ मिमीच्या घरात लागतं. पट्टा ओलांडायची परवानगी फक्त ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर (प्रकाशाने संकेत पलीकडे पोचवणारा भाग) आणि वाय वर्गाच्या खास सुरक्षित कपॅसिटरला. चाचणीत या दोन बाजूंमध्ये ३००० व्होल्ट एक मिनिट लावतात. इन्सुलेशन फुटलं तर नमुना नापास. नकली चार्जरमध्ये फ्यूजच्या जागी नुसती तार असते, वाय कपॅसिटरऐवजी साधा सिरॅमिक, आणि ट्रान्सफॉर्मरवर तिहेरी इन्सुलेशनच्या तारेऐवजी साधी एनॅमलची तार. पावसाळ्यात दमट हवेत धूळ ओली झाली की तो अरुंद पट्टा वीज वाहू देतो. फोन चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेला हात लागला आणि झटका बसला, तर त्याचं मूळ इथे असू शकतं. नकली चार्जर वजनाला हलका लागतो तोही याचमुळे.

आता ॲपची खरी मर्यादा. ही नोंदणी नमुन्याच्या चाचणीवर आणि उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर चालते, नोंदणीआधी कारखान्यात कोणी जात नाही. चाचणीच्या कागदपत्रांत महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी असते: फ्यूज कोणाचा, ऑप्टोकपलर कोणता, ट्रान्सफॉर्मर कसा. यातला भाग बदलला तर ब्युरोला कळवून लागेल ती चाचणी पुन्हा करायची असते. तो चुपचाप बदलला तरी ॲप नोंदणी चालूच दाखवेल. हे ओळखायचं काम बाजारातून नमुने उचलून होणाऱ्या तपासणीचं आहे. पॉवर बँकेत तर दोन नोंदण्या लागतात: बँकेची आयएस १३२५२ खाली आणि आतल्या लिथियम सेलची आयएस १६०४६ खाली. गिऱ्हाइकाला पहिलीच दिसते, आग मात्र दुसरीत लागते. त्यामुळे पॉवर बँक नेहमी बिलासह, नावाजलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी.

दूरसंचाराच्या वस्तूंचं काय? वायफाय राउटरच्या खोक्यात आर-नंबर सापडला तर तो बहुधा सोबतच्या ॲडाप्टरचा असतो, राउटरचा नव्हे. राउटरला दूरसंचार विभागाच्या टीईसीचं (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र) 'एमटीसीटीई', म्हणजे सक्तीच्या चाचणीचं प्रमाणपत्र लागतं आणि रेडिओसाठी त्याच विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ-लहरींच्या शाखेची 'ईटीए', म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता. बीआयएस केअरमध्ये या दोन्हींचा पत्ता नाही. एमटीसीटीईसाठी टीईसीचं पोर्टल बघावं लागतं, ईटीए 'सरल संचार' पोर्टलवरून मिळते आणि स्वयंघोषणेने घेतलेल्या मान्यतेचा नंबर 'ईटीए-एसडी' ने सुरू होतो. एकाच खोक्यासाठी तीन ठिकाणी शोध घ्यावा लागणं ही गिऱ्हाइकाची गैरसोय आहे. तिन्ही नंबर एका खिडकीत दिसायला हवेत, हे आमचं ठाम म्हणणं आहे.

परदेशी साइटवरून सेन्सर, लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) किंवा घरातली स्मार्ट उपकरणं जोडणाऱ्या झेड-वेव्हचा गेटवे मागवणाऱ्यांनी फ्रीक्वेन्सी आधी पाहावी. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ आणि ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचे पट्टे परवान्याविना खुले आहेत. लोरासारख्यांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. अमेरिकी आवृत्ती ९०२ ते ९२८ वर चालते, आणि इथे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलत असतात. असं मॉड्यूल मुंबई विमानतळावर सहारच्या एअर कार्गोत अडकलं तर ईटीए काढून सुटका होत नाही, कारण तो पट्टा खुलाच नाही. मागवताना '८६५' किंवा 'भारत' आवृत्तीच निवडा.

सीसीटीव्ही घेताना तारीख बघा. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्याला विजेच्या सुरक्षेखेरीज सायबर सुरक्षेच्याही अटी लागू आहेत, त्याआधीचा जुना साठा अजून स्वस्तात फिरतो. मोबाइलसाठी आर-नंबरासोबत *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि 'केवायएम', मोकळी जागा, मग १५ आकडे असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात आलेला ब्रँड आणि मॉडेल हातातल्या फोनशी जुळलं पाहिजे.

नंबर जुळला नाही तर तक्रारीची सोय त्याच ॲपमध्ये आहे आणि ती वापरावी. बीआयएस कायदा २०१६ च्या कलम १७ नुसार सक्तीच्या यादीतली वस्तू चिन्हाविना विकणंही गुन्हा आहे, नुसतं बनवणं नव्हे. तक्रारीला चार फोटो जोडा: वस्तूवरची छपाई, खोक्याच्या सगळ्या बाजू, ॲपचं उत्तर आणि बिल. बिलावर 'मोबाइल ॲक्सेसरी' एवढंच लिहून देतात. ब्रँड आणि मॉडेल तिथेच लिहून मागा, नाहीतर तीच वस्तू त्याच दुकानातून घेतली हे सिद्ध करणं अवघड जातं. आणि संशयित चार्जर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत फेकू नका. प्लगमधून काढून, खोक्यासकट बाजूला ठेवा.