मिनॉक्सिडिल ५ टक्के : १४ महिन्यांच्या वापरानंतर

मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचे ५ टक्क्यांचे औषध, आधी द्रावण आणि मग फेस, मी गेले १४ महिने सकाळ-संध्याकाळ डोक्याला लावतो आहे. हे औषध आपल्याकडे अनेक कंपन्या विकतात आणि सगळ्यांत घटक तोच असतो, त्यामुळे येथे लिहितो आहे ते औषधाविषयी, एखाद्या कंपनीविषयी नव्हे. भोवऱ्यापाशी माझे केस विरळ होऊ लागले आहेत हे माझ्याआधी न्हाव्याला दिसले. त्याने नेहमीप्रमाणे मागे आरसा धरला आणि काही न बोलता तो जरा जास्तच वेळ तसाच धरून ठेवला.

हे मुळात रक्तदाबाचे औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि अंगावर लव वाढते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि त्या दुष्परिणामाचाच पुढे उपयोग करून घेण्यात आला. डोक्याला लावायच्या स्वरूपात त्याला १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. केस साधारण २ ते ६ वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो विश्रांतीत नुसता टिकून राहतो आणि गळतो; म्हणूनच निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस जातात आणि त्यात घाबरण्याजोगे काही नसते. आनुवंशिक टकलात मात्र डीएचटी या संप्रेरकाला संवेदनशील असलेली मुळे आक्रसत जातात, वाढीचा काळ तोकडा होतो आणि दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक असतो. मिनॉक्सिडिल हा वाढीचा काळ लांबवते, पण डीएचटीला हात लावत नाही. त्यामुळे ते बंद केले की तीन-चार महिन्यांत कमावलेले सगळे जाते, आणि ही गोष्ट पहिली बाटली घेण्यापूर्वी माहीत असायला हवी. डीएचटी कमी करणारे फिनास्टेराइड वेगळे. त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्याव्या लागतात आणि काही पुरुषांमध्ये कामेच्छेवर त्यांचा परिणाम होतो. डॉक्टरांनी तो पर्याय समजावून सांगितला, मी तूर्त नको म्हटले.

वापराच्या दृष्टीने हे द्रावण कटकटीचे आहे. एका वेळी १ मिलिलिटर, तेही कोरड्या टाळूवर. केसांवर लावून काही उपयोग नाही. ड्रॉपरने घाईत लावले की ओघळ कपाळावर येतो आणि तेथे नको ती लव उगवू शकते. लावल्यावर चार तास डोके धुवायचे नाही, आणि वाळेपर्यंत केस असे चिकट दिसतात की सकाळी कार्यालयात जाताना तेल चोपडून आल्यासारखे वाटते. मला दुसऱ्या महिन्यात खाज सुटली आणि कोंड्यासारखे पापुद्रे निघू लागले. बहुतेक द्रावणांत औषध विरघळवण्यासाठी प्रोपिलिन ग्लायकॉल असते आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. फेसाच्या स्वरूपातल्या औषधात ते नसते, म्हणून मी फेसावर गेलो आणि खाज आठवड्याभरात थांबली. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी विशेष जपावे, कारण हे औषध मांजरांना विषारी असते आणि उशीच्या अभ्र्यावर लागलेलेही त्यांच्या पोटात जाऊ शकते.

तिसऱ्या आठवड्यात गळती उलट वाढली. कंगव्यातली गुंतवळ पाहून मी औषध फेकून देण्याच्या बेतात होतो, पण डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते : विश्रांतीतली मुळे पुन्हा वाढीला लागताना जुने केस ढकलून देतात. दीड महिन्यात ते थांबले. पाचव्या महिन्यापर्यंत काही म्हणजे काही दिसले नाही. वर्षाअखेरीस एकाच उजेडात काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली तेव्हा भोवरा निश्चित भरलेला होता. कपाळाकडची मागे सरकलेली रेषा मात्र जिथल्या तिथेच आहे.

माझी खरी तक्रार औषधाविषयी नाही, ते ज्या रीतीने विकले जाते त्याविषयी आहे. माझ्या धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला आणि बरी झाल्यावर अडीच महिन्यांनी न्हाताना तिच्या हातात पुंजकेच्या पुंजके येऊ लागले. तिने औषधाच्या दुकानात विचारले, तर दुकानदाराने एकही प्रश्न न विचारता हीच बाटली पुढे केली. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा निदान वेगळेच निघाले : मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक उपासमार यांनंतर असंख्य केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. तिचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिनही फार कमी होते. लोहाच्या गोळ्या आणि सकस जेवण एवढ्यावर सहा-सात महिन्यांत गळती थांबली. थायरॉइडच्या विकारातही केस असेच जातात, आणि मूळ विकारावर उपचार हाच तेथे मार्ग असतो. चाई पडली असेल किंवा डोक्यात नायटा असेल तर उपचार आणखी निराळे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर हे औषध स्वतःच्या मनाने घेऊच नये. यातले बरेचसे बाटलीसोबतच्या कागदावर असते, पण इतक्या बारीक इंग्रजीत की भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या एकाही खोक्यावर मराठीचे अक्षर नव्हते.

६० मिलिलिटरची बाटली बरोबर महिनाभर पुरते. मला ती सुमारे ७०० रुपयांना पडे, म्हणजे वर्षाला ८,४०० रुपये, आणि हा खर्च केस हवे आहेत तोवर चालूच राहणार. जास्वंदाच्या तेलावर आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर मी त्याआधी जे उधळले, त्या मानाने हा पैसा सार्थकी लागला असे म्हणेन. आनुवंशिक टक्कल नुकते सुरू झाले आहे आणि निदान डॉक्टरांनी केले आहे, अशांसाठी मी याला पाचपैकी चार गुण देतो. द्रावणापेक्षा फेस घ्यावा. कापलेला एक गुण त्या न वाचता येणाऱ्या कागदाचा आहे.