जर्मनीचा ६३ युरोंचा पास : नऊ महिने, चौघं जण आणि ठाणेकराच्या सवयी

जून २०२५ मध्ये पास काढला, आता फेब्रुवारी २०२६ संपत आलाय. नऊ हप्ते खात्यातून गेले. सात हप्ते ५८ युरोंचे, दोन ६३ चे, एकूण ५३२ युरो. एवढे पैसे दिल्यावर आपल्याला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चाललोय.

मी मूळचा ठाण्याचा. अकरावीपासून खिशात रेल्वेचा पास नाही असा महिना गेला नसेल. नोकरीनिमित्त न्यूर्नबर्गजवळच्या एर्लांगेनला आलो आणि पहिलं वर्ष जर्मन रेल्वेकडे टुरिस्टासारखं पाहिलं. तिकीट काढायचं, सीट नंबर शोधायचा, गुपचूप बसायचं. हा पास हातात आला आणि जुनी खोड परत आली. गाडी दिसली की चढायचं, वाटलं की उतरायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याचं नाव डॉइचलांड-टिकेट. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोंचं तिकीट होतं, त्याचं हे पुढचं भावंड. १ मे २०२३ ला, म्हणजे नेमकं महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, ४९ युरोंना सुरू झालं. जानेवारी २०२५ ला ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि जवळच्या पल्ल्याच्या सगळ्या गाड्या यात आल्या, सेकंड क्लास. आपल्या भाषेत सांगायचं तर आरई म्हणजे फास्ट, आरबी म्हणजे स्लो, आणि एस-बान तर सरळ सरळ लोकल. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत हा चालत नाही. तिथे चढलात तर लोकलच्या पासवर डेक्कन क्वीनमध्ये बसल्यासारखं होईल. सापडलात की ६० युरो दंड किंवा त्याहून जास्त.

पास ज्याचा त्याचा. नाव छापलेलं असतं, सोबत ओळखपत्र लागतं, 'माझ्या पासवर हिलापण घ्या' असं चालत नाही. सहा वर्षांखालची पोरं तेवढी फुकट. त्यामुळे मित्रांबरोबर फिरायचं असेल तर एक गोष्ट पहिल्यांदा सांगतो. सगळ्यांकडे पास असेल तरच मजा. आम्ही चौघं आहोत : मी, कोल्हापूरचा एक गडी ज्याला सगळे 'पाव्हणं' म्हणतात, नागपूरची डॉक्टर, आणि एक पुणेकर जो सहलीचं एक्सेल करतो. पहिल्या महिन्यात डॉक्टरकडे पास नव्हता. मधेच कुठे उतरायचा विषय निघाला की तिचं तिकीट, त्याचे नियम, पुढच्या गाडीला ते चालेल का, यावर पंधरा मिनिटं चर्चा. तोवर स्टेशन मागे पडलेलं असायचं.

आता वेळेचा हिशेब, कारण तोच सगळ्यात दुखरा भाग. न्यूर्नबर्गहून फ्रँकफर्टला आयसीई साधारण दोन तासांत पोहोचते. आम्ही व्युर्त्सबुर्गला गाडी बदलून साडेतीन तास घेतो, तेही सगळं सुरळीत झालं तर. याला एक झकास अपवाद आहे. न्यूर्नबर्ग ते म्युनिक एक आरई इंगोलश्टाटवरून थेट हायस्पीडच्या रुळांवरून पळते. पावणेदोन तासांच्या आसपास म्युनिक. पासाचे पैसे तिथे एका फेरीत निम्मे वसूल झाल्यासारखे वाटतात. बाकी ठिकाणी मात्र ज्याला पोहोचायची घाई आहे त्याने या पासाच्या वाटेला जाऊ नये. पुणेकराने एकदा एका दिवसात न्यूर्नबर्ग ते हाम्बुर्ग बसवून दाखवलं होतं, कागदावर. आम्ही त्याला कागदावरच जाऊन ये म्हटलं.

पास खऱ्या अर्थाने कळला तो ऱ्हाईनच्या काठी. जुलैमध्ये माइन्सहून कोब्लेन्झला निघालो होतो. ही गाडी नदीच्या डाव्या तीरावरून जाते, म्हणून कोब्लेन्झकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या धरायच्या (ठाणेकर असल्यामुळे खिडकी धरणं मला शिकवावं लागत नाही). बिंगेननंतर दरी अरुंद होते. दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे इतके उभे की तिथे माणूस काम कसं करत असेल हा प्रश्न पडतो. आणि दर दोन वळणांनंतर एक किल्ला. बिंगेन ते कोब्लेन्झ हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आमचं उतरायचं कोब्लेन्झलाच ठरलं होतं, हॉटेल तिथलं. पण बाखाराख आलं आणि डॉक्टर उठून उभी राहिली. 'काहून बसले रे, चला की!' गाडी अगदी गावाच्या तटबंदीला लागून थांबली होती. आम्ही दाराचं बटण दाबलं आणि चौघं फलाटावर. गाडी गेली.

तिथे पुढचा दीड तास जे केलं त्याला कुठलाही कार्यक्रम म्हणता येणार नाही. बाखाराखच्या तटबंदीवरून चालता येतं. एका हाताला लाकडी चौकटींची जुनी घरं, दुसऱ्या हाताला खाली रूळ आणि पलीकडे नदी. एक गाडी खालून गेली तेव्हा पायाखालच्या फळ्या किंचित हलल्या. पाव्हण्याने भिंतीवर बसून दशम्या सोडल्या. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी 'गुटेन आपेटिट' म्हटलं, त्यांना एक दशमी दिली, त्यांनी ती उभ्यानेच खाल्ली आणि लसणाच्या चटणीपाशी मात्र हात जोडले. मग पुढची गाडी आली. पुढे काउबसमोर नदीच्या मधोमध एक पांढरा छोटा किल्ला दिसतो, जहाजासारखा टोकदार. तो चौदाव्या शतकातला जकात नाका आहे. पुणेकर म्हणाला, जकात घ्यायची तर अशी घ्यावी, पळायला जागाच नाही.

सप्टेंबरमध्ये परत बाखाराखला गेलो आणि वर श्टालेक किल्ल्यात जे यूथ हॉस्टेल आहे तिथे राहिलो. एक सूचना. दोन्ही काठांवरून रात्रभर मालगाड्या जातात आणि दरीत आवाज घुमतो. डॉक्टर रात्रभर जागी होती. मला इतकी गाढ झोप देशात शेवटची कधी लागली होती ते आठवावं लागेल.

न्यूर्नबर्गला राहणाऱ्याला हा पास जवळच्या गावांसाठी सगळ्यात जास्त लागू पडतो. बामबर्ग फास्टने पाऊण तास, स्लोने तासभर. नदीतल्या बेटावर उभं असलेलं जुनं नगरपालिकेचं घर सगळे बघतातच. आम्ही तिथे वर्षातून चार वेळा जातो ते धुराच्या बिअरसाठी. बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात, पहिला घोट घेतला की चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं. रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल, पासाऊमध्ये तीन नद्या मिळतात तिथलं टोक, हेही झालं. पासाऊच्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. सगळ्यात वर १५०१ ची, तिच्याखाली २०१३ ची. सांगली-कोल्हापूरचा महापूर पाहिलेला पाव्हणं त्या भिंतीसमोरून लवकर हलला नाही.

रोटेनबुर्गला जायचं तर श्टाइनाख नावाच्या एका इवल्याशा जंक्शनवर गाडी बदलावी लागते. तिथून रोटेनबुर्ग पंधरा मिनिटं. गाव फार गोड आहे, जरा जास्तच. श्नेबाल नावाचा गोळा सगळीकडे विकतात; चिरोट्याचा अंदाज ठेवून खाल्लात तर निराश व्हाल, आजीच्या चिरोट्याच्या आसपासही तो येत नाही. पण तटबंदीवरून फिरताना दगडांवर कोरलेली नावं वाचा. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला भाग परत बांधायला जगभरातून लोकांनी पैसे दिले, त्यांची ती नावं. जपानी नावंही भरपूर. परतताना श्टाइनाखला आमची पुढची गाडी रद्द झाली. नोव्हेंबर, अंधार, फलाटावर काचेची एक टपरी आणि आम्ही चौघं. शंकरपाळ्यांचा डबा पन्नास मिनिटांत संपला.

यावरून तक्रारींकडे येतो. गाड्या उशिरा येतात, आणि तेही वारंवार. जर्मन म्हणजे घड्याळ ही समजूत विमानतळावरच सोडून द्या. सहा मिनिटांचं कनेक्शन म्हणजे नसल्यात जमा; आम्ही आता वीस मिनिटांखालचं धरतच नाही. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस देतात. त्याला त्यांचा लांबलचक शब्द आहे. आम्ही मेगाब्लॉक म्हणतो. फरक एवढाच की आपला मेगाब्लॉक आदल्या दिवशी पेपरात येतो आणि इथली बस स्टेशनच्या नेमक्या कुठल्या बाजूला लागते ते शोधण्यात पहिली बस निघून जाते.

नुकसानभरपाई आहे, पण ऐका. तासाभराहून जास्त उशीर झाला तर या पासावर दीड युरो मिळतो. चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत, म्हणजे तीन वेळा रखडल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही. साडेचार युरो आले तेव्हा पुणेकराने चौघांत वाटून दाखवले. आणि गाडी रखडली म्हणून आयसीईत चढायची जी सवलत नेहमीच्या तिकिटाला असते, ती याला नाही.

दुसरी कटकट वर्गणीची. हा पास महिन्यामागून महिना आपोआप पुढे चालू राहतो. नको असेल तर आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. डॉक्टर डिसेंबरात सुटीला नागपूरला जाणार होती, तिला ११ तारखेला आठवलं. ५८ युरो गेले. माझा पास ज्या अॅपवर आहे त्याचं नाव घेत नाही, पण रेंज गेली की ते पांढरं पडतं आणि तपासनीस समोर उभा. मी आता महिन्याच्या पहिल्या दिवशी घरच्या वायफायवर ते उघडून ठेवतो. स्टेशनवर फाटक नाही, चेकर कधीही येतो, त्यामुळे फोनची बॅटरी ही पण तिकिटाचाच भाग समजा.

आणि आता तेगर्नझेची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय पाव्हणं मला सोडणार नाही, खरं तर सांगू नको म्हणून मागे लागलाय. म्युनिकहून दक्षिणेला तळ्यांकडे जाणारी गाडी एकच दिसते, पण ती जोडलेली असते. होल्त्सकिर्खेनला एक भाग सुटून श्लीअरझे आणि बायरिशत्सेलकडे जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा फुटते, एक भाग लेंगग्रीसला, एक तेगर्नझेला. कुठला डबा कुठे जाणार ते फलाटावरच्या पाटीवर आणि डब्यातल्या पडद्यावर लिहिलेलं असतं. आम्ही तिघं बरोबर डब्यात होतो. पाव्हण्याला खिडकी मिळेना म्हणून तो दुसऱ्या भागात जाऊन बसला. भाकरी, पिठलं आणि ठेच्याची पिशवी त्याच्याकडे.

तेगर्नझेला उतरलो, चालत तळ्याकाठी गेलो, पाव्हणं नाही. फोन केला.

'मी तळ्यावर आलोय की. तुम्ही कुठं हाय?'

'आम्हीपण तळ्यावर!'

'मग दिसत कसं नाही?'

डॉक्टरने विचारलं, डोंगर कुठल्या बाजूला दिसतो? तो म्हणाला, सगळ्या बाजूंना. आम्हालाही तसाच दिसत होता. पाच मिनिटं आम्ही चौघं दोन वेगळ्या तळ्यांच्या काठांवर एकमेकांना हात हलवत होतो. शेवटी पुणेकराने स्टेशनच्या पाटीचा फोटो मागवला. श्लीअरझे. परत होल्त्सकिर्खेनला जाऊन उलट यायला त्याला दीड-दोन तास लागणार होते, पण पास असल्यामुळे एक सेंटही नाही. आला तेव्हा पिशवीत दोनच भाकऱ्या होत्या. भूक लागली होती म्हणाला.

देशातून आठवड्याभरासाठी कोणी येणार असेल तर त्यांना हा पास घ्यायला लावू नका, वर्गणीची भानगड नको. बव्हेरियात फिरायचं असेल तर बायर्न-टिकेट बघा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतं. कामाच्या दिवशी सकाळी ९ पासून, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. दिवाळीत माझे आई-बाबा आले होते तेव्हा तेच केलं आणि त्यांना साल्झबुर्गला नेलं. साल्झबुर्गपर्यंत माझा पासही चालतो, ऑस्ट्रिया असूनही. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना न्यूर्नबर्गच्या रेल्वे संग्रहालयात 'आडलर' इंजिनाच्या प्रतिकृतीसमोर उभं केलं आणि सांगितलं की जर्मनीतली पहिली गाडी इथूनच ७ डिसेंबर १८३५ ला फ्युर्टला गेली, सहा किलोमीटर. त्यांनी लगेच हिशेब केला. बोरीबंदर-ठाणे १६ एप्रिल १८५३. 'सतरा वर्षं आधी,' ते म्हणाले, 'पण आपली पहिल्याच दिवशी ठाण्यापर्यंत गेली.'

पाचपैकी चार तारे. ६३ च्या वर गेला तर साडेतीन. रविवारी लिंडाऊला चाललोय, पिठलं-भाकरी यावेळी माझ्या पाठीवर.