गडहिंग्लजचे जीएसटी सल्लागार: समजावतात झकास, पण 20 तारखेला फोन लागत नाही

माझं पीव्हीसी पाईप आणि ठिबकचं दुकान. बरंच गिऱ्हाईक संकेश्वर-निपाणीकडचं, म्हणजे कर्नाटकातलं. छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत होतो तोवर उलाढालीच्या एक टक्का भरून मोकळा. पण त्यात परराज्यात माल पाठवता येत नाही, म्हणून नेहमीच्या म्हणजे रेग्युलर जीएसटीत यावं लागलं आणि स्टँडजवळच्या या सल्लागारांकडे गेलो.

नुसतं रिटर्न भरून हे सोडत नाहीत, कोणता पैसा कुणाचा तेही सांगतात. गावातल्या पाईपच्या बिलावर 9 टक्के केंद्राचे, 9 राज्याचे. संकेश्वरच्या बिलावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी. तो केंद्र गोळा करतं आणि त्यातला राज्याचा वाटा कर्नाटकाला जातो, कारण माल तिथं वापरला जातो. वडिलांच्या वेळी, जीएसटीच्या आधी, परराज्यातल्या व्यापाऱ्याला सी फॉर्म घेऊन माल विकला की 2 टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, नाव केंद्राचं, पण पैसा महाराष्ट्राकडेच राहायचा. म्हटलं, "सर, दुकान आपलं आणि कर बंगळुरूला?" तर म्हणाले, "निपाणीचा व्यापारी इकडं माल पाठवतो तेव्हा उलटं होतं की!"

ठिबक सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, मग पाईपचा दर मुंबईचं सरकार का उतरवत नाही, हेही विचारलं. एकट्या मुंबईच्या हातात ते नाही. दर ठरतात ते केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत. तिथं एक तृतीयांश मत केंद्राचं, दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं मिळून, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्र नको म्हणालं की विषय संपला, पण केंद्रालाही राज्यं सोबत घ्यावीच लागतात. एवढ्याशा गोव्याचं मत आणि महाराष्ट्राचं मत वजनाला सारखंच! 2017 पासून एवढ्या बैठका झाल्या, पण पहिलं मतदान थेट डिसेंबर 2019 मध्ये, तेही लॉटरीवरून. राज्याला आपल्या मनानं दर ठरवायला मोठं असं राहिलं ते दारू, पेट्रोल-डिझेल आणि मुद्रांक शुल्क. मला हा सौदा महाराष्ट्राला महागच वाटतो. सरांना पटत नाही, आमचा वाद चालूच असतो.

आता तक्रार. 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायच्या शेवटच्या दिवशी फोन हमखास बंद. बिलं व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी त्यांच्या ऑफिसातला पोरगा पुन्हा कागद मागतो. जिना अरुंद, वयस्कर माणसाला त्रासाचा.

फी महिना 800, कामाच्या मानानं वाजवी. सीमेपलीकडं माल जात असेल तर जरूर जा, फक्त 15 तारखेच्या आत.


पाचपैकी चार तारे.