पत्रा की शिंगल: खानापूर-बेळगावच्या पावसात कुठलं छप्पर घ्यावं

कौलं उतरवून नवं छप्पर घालायचं म्हटलं की खानापूर-बेळगावकडे हल्ली दोनच पर्याय पुढे येतात: रंगीत पत्रा आणि डांबरी शिंगल, म्हणजे डांबराच्या थरावर बारीक खडी चिकटवलेले चपटे तुकडे. माकडांच्या उपद्रवानं आणि शाकारणीला माणसं मिळत नसल्यानं मंगळुरी कौल मागे पडलं, ते तसं वाईटच झालं. उरलेल्या दोघांचा निकाल आधीच सांगतो. लोखंडी कैच्यांवर नवं छप्पर घालायचं असेल तर पत्रा घ्या. उतरता काँक्रीट स्लॅब आधीच असेल, तरच शिंगलचा विचार करा.

शिंगल वाईट नाही. जाड, दुपदरी शिंगल दिसायला देखणी असते, पाऊस पडताना आवाज होत नाही आणि दुपारी पत्र्याइतकी खोली तापत नाही. अडचण तिच्या खालच्या फळीची आहे. शिंगलला अखंड, सपाट पाया लागतो, म्हणून पाइपांच्या सांगाड्यावर आधी प्लायवूड किंवा सिमेंट बोर्ड ठोकावा लागतो. जांबोटी, कणकुंबी, आमगावच्या बाजूला आर्द्रा ते आश्लेषा धड ऊन पडत नाही. एका खिळ्यातून किंवा पन्हाळीच्या कोपऱ्यातून गेलेलं पाणी फळीत मुरतं आणि महिना-दीड महिना तिथंच राहतं. प्लायवूडचे पदर सुटतात, खिळ्याची पकड जाते, मग शिंगल उचलली जाते. वरून छप्पर चांगलं दिसत असतं, आतून फळी गेलेली असते. वाळवीचा त्रास वेगळाच.

तरीही फळीवर शिंगल घालायचीच असेल, तर प्लायवूड आयएस ७१० चंच, म्हणजे मरीन दर्जाचं घ्या, जाडी १८ मिमी, दोन फळ्यांमध्ये ३ मिमी फट. फळीखालून हवा फिरायला वळचणीत आणि आढ्याला वाट ठेवा. उतार १२ इंचाला निदान ४ इंच, म्हणजे १० फुटांत ३ फूट ४ इंच चढ. त्याहून कमी उतारावर शिंगलखालचा फेल्ट (डांबर पाजलेला कागद) दुहेरी लागतो. एका शिंगलला ४ खिळे असतात, पण उघड्या माळावर ६ मारा. खिळा आखलेल्या पट्टीतच आणि सरळ बसला पाहिजे; वर सरकला तर दुपदरी शिंगलचा खालचा पदर सुटा राहतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. शिंगलखालची डांबराची पट्टी उन्हानं तापून चिकटते. मृगाच्या तोंडावर घातलेली शिंगल न चिकटताच पावसात सापडते आणि पहिल्या वाऱ्याला फडफडू लागते. आंब्या-फणसाखालच्या घरांवर दोन-तीन वर्षांत काळे ओघळ आणि शेवाळ येतं. ते प्रेशर पंपानं धुवू नका, वरची खडी निघून जाते.

उतरत्या स्लॅबवर मात्र चित्र पालटतं. खाली कुजायला काही नाही, पाणी आतल्या आत साचायला पोकळी नाही. स्लॅबला आधी वॉटरप्रूफिंग करून काँक्रीटचे खिळे आणि डांबरी चिकटवणीनं बसवलेली शिंगल टिळकवाडीतल्या बंगल्यालाही शोभते आणि खानापूरच्या पावसातही टिकते.

आता पत्रा. दुकानात ‘पाचचा पत्रा’ मागितला की ०.५० मिमीचा म्हणून जे मिळतं, ते खरंच तेवढं असतं असं नाही. वजन करून पाहा. १,२२० मिमी रुंद कॉइलपासून (सपाट पत्र्याच्या गुंडाळीपासून) बनलेला, रंगासकट ०.५० मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम-झिंक पत्रा धावत्या मीटरला साधारण सव्वाचार ते साडेचार किलो भरतो. काटा साडेतीनच्या खाली गेला तर पत्रा पातळ आहे. पातळ पत्र्यावर वळवाच्या गारांचे खड्डे पडतात आणि माणूस चढला की लाट दबते. पत्र्यावरचा थर बिलावर लिहून घ्या: चौरस मीटरला १५० ग्रॅम, ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियमचा. साध्या जस्ताच्या १२० ग्रॅमच्या पत्र्यापेक्षा तो पावसात बराच जास्त टिकतो, आणि दरातला फरक पूर्ण छपराच्या खर्चात फार नसतो.

पत्रा गळतो तो बहुधा स्क्रूपाशी. स्क्रू लाटेच्या माथ्यावर, काटकोनात हवा. त्याखालचं रबराचं वायसर धातूच्या टोपीच्या कडेपर्यंत येईल इतकंच आवळायचं. ड्रिल मशीन सोडून दिलं की रबर टोपीबाहेर फुगतं, उन्हानं चिरतं आणि दोन वर्षांत तिथून थेंब सुरू होतो. रबर ईपीडीएमचंच, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं घ्या. आढ्याला आणि वळचणीला प्रत्येक लाटेवर स्क्रू, मधल्या पाइपांवर एक सोडून एक चालतो. पाइपांमधलं अंतर साडेतीन-चार फुटांच्या वर नेऊ नका. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूनं काढा. राहिला तर पहिल्या सरीत त्या जागी तांबूस ठिपके उठतात, आणि गिऱ्हाईक पत्र्याला दोष देतं. ग्राइंडरनं पत्रा कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा रंग आणि थर दोन्ही जळतात, गंज तिथून चढतो. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) वापरा.

उतार १० फुटांत निदान पावणेतीन फूट ठेवा. पत्रा शक्यतो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकाच लांबीचा कापून आणा, म्हणजे आडवा जोड राहत नाही. उभे जोड लावताना सुरुवात पूर्वेकडून करा. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते, त्यामुळे वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला पडली पाहिजे. घाईत उलटं घातलेलं छप्पर कितीही सिलिकॉन ओतलं तरी गळतंच.

भिंतीला टेकणाऱ्या पत्र्याचा सांधा गवंडी हमखास सिमेंटनं लिंपतो. हे थांबवा. ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमचा थर खातं, शिवाय ६ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकानं जवळपास ३ मिमी लांबतो-आखडतो, सिमेंटला तडा जाणारच. भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी वरून खाली उतरवा आणि खाच पॉलियुरेथेन सीलंटनं भरा.

आवाज आणि उकाडा ही पत्र्याविरुद्धची खरी तक्रार आहे. मुसळधार पावसात खाली बोललेलं ऐकू येत नाही. स्वयंपाकघरावर रात्री वाफ धरून आतून थेंबही पडतात, ते गळती समजून लोक वरून डांबर फासत बसतात. पत्र्याखाली बबल फॉइल ताणून लावलं आणि आढ्याला हवेची वाट ठेवली तर थेंब थांबतात, पण आवाज थोडाच कमी होतो. झोपायच्या खोल्यांवर पैसे असतील तर ५० मिमी पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल घाला. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीला तर आतला थेंब माल नासवतो, तिथे नुसता पत्रा घालूच नये. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथे उन्हासाठी पांढरा किंवा फिकट रंग घेतला तरी मोठा फरक पडतो.

पन्हाळीचा हिशेब सोपा आहे. ३० बाय १५ फुटांचं एक पाखं म्हणजे ४२ चौरस मीटर. तासाला १०० मिमीची सर आली तर त्यावरून ४,२०० लिटर पाणी येतं. त्याला ४ इंची एक पाइप जेमतेम पुरतो, म्हणून दोन लावा. जांबोटीच्या पुढे पाल्यानं पन्हाळ तुंबतेच, तिथे ती न लावता वळचण ३ फूट बाहेर काढून खाली दगडी चर करा. इंग्रजी ‘एल’ आकाराच्या घराला दोन पाख्यांमधली कोनपन्हाळ निदान २४ इंच रुंद पत्र्याची हवी, आणि दर वर्षी मे महिन्यात तिच्यातला पाला काढलाच पाहिजे. पत्रा असो वा शिंगल, अशा घराचं छप्पर आधी गळतं ते इथं.